सत्रानंतरचं जेवण

परिषदेची दिवसभराची सत्रं संपली की जपानी यजमान पाहुण्यांना बहुधा इझाकायात नेतात. पेयांसोबत छोट्या छोट्या डिश मागवायच्या आणि सगळ्यांनी वाटून खायच्या, अशी ही जागा. बसल्याबरोबर न मागता एक वाटी समोर येते, त्यात मुरवलेली भाजी किंवा तसंच काही. ही 'ओतोशी' फुकट नसते. माणशी साधारण 300 ते 500 येन बिलात लागतात, त्यावरून हुज्जत घालू नये. 'कानपाई' (चिअर्स) होईपर्यंत पेला ओठाला लावायचा नाही. शेजाऱ्याचा पेला आपण भरावा, तो आपला भरतो. दारू न घेणाऱ्यांनी निःसंकोच ऊलाँग चहा मागावा.

खरी कसोटी शाकाहाऱ्यांची. मिसो सूप, उदोन नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्यांत 'दाशी' असते आणि ती बहुतेकदा वाळवलेल्या कात्सुओ माशाच्या किसापासून काढतात. त्यामुळे 'मांस नको' एवढं सांगून भागत नाही. मासे आणि माशाची दाशीही नको, हे नोंदणी करतानाच जपानीत लिहून कळवावं. ऐन वेळी बदल करणं स्वयंपाकघराला जड जातं. परिषद क्योतोत असेल तर बौद्ध मठांच्या परंपरेतलं 'शोजिन ऱ्योरी' आवर्जून खावं. तोफू, युबा (सोया दुधाची साय), तिळाचं गोमा-दोफू असं हे जेवण. मासा नाहीच, परंपरेनं कांदा-लसूणही नाही. कंदमुळं मात्र असतात, तेव्हा जैन पाहुण्यांनी विचारून घ्यावं.

टिप ठेवू नये. शेवटची लोकल मध्यरात्रीच्या सुमारास सुटते. जेवणानंतर दुसऱ्या ठिकाणी चलायचा आग्रह झाला, तर घड्याळ पाहूनच हो म्हणावं.