बेडरोलवाल्याची दुखापत कुठल्या खात्यात?

‘चादरी तर वाटायच्या, त्यात कसली आलीय दुखापत?’ एसी डब्यातल्या अटेंडंटबद्दलचा हा गैरसमज प्रवाशांचाच. थ्री-टियरच्या एलएचबी डब्यात ७२ बर्थ असतात. माणशी दोन म्हणजे १४४ चादरी, शिवाय उशा, ब्लँकेटं, नॅपकिन. ती गाठोडी फलाटावरून डब्यात चढवायची, हलत्या गाडीत वरच्या बर्थपर्यंत पोचवायची, सकाळी पुन्हा गोळा करायची. आझाद हिंद एक्स्प्रेसला पुण्याहून हावडा गाठायला दोन रात्री लागतात. या सगळ्यात पाठ धरते, दोन डब्यांमधल्या पत्र्यावर पाय सरकतो, जड दारात बोट चेमटतं.

यापेक्षा महागात पडणारा समज असा, की अटेंडंट ठेकेदाराचा, म्हणून तो वाऱ्यावरचा. आणि पुण्यातल्या बिबवेवाडीचं ईएसआय, म्हणजे राज्य विमा योजनेचं, हॉस्पिटल फक्त कारखान्यातल्यांसाठी. वास्तविक १९४८ च्या राज्य विमा कायद्यापासून चालत आलेली ही योजना दहा किंवा अधिक माणसं असलेल्या ठेकेदारासारख्या आस्थापनांनाही लागू होते आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेला कामगार त्यात येतो. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला असला, तरी मूळ तत्त्वं तीच आहेत. खरी मेख नोंदीत आहे. तेच मोडलेलं मनगट ‘आजारपण’ म्हणून लिहिलं, तर आधी ठरावीक दिवसांची वर्गणी भरलेली लागते आणि वेतनाच्या ७० टक्के मिळतात, तेही वर्षाला ९१ दिवसच. ‘कामावरची इजा’ म्हणून लिहिलं, तर कामाच्या पहिल्या दिवसापासून हक्क आणि बरं होईपर्यंत ९० टक्के. बिबवेवाडीहून ड्यूटीसाठी स्टेशनला निघालेल्या अटेंडंटला वाटेत अपघात झाला, तरी त्या जाण्याचा कामाशी संबंध दिसत असेल, तर २०१० च्या दुरुस्तीनंतर तोही कामावरचाच.

यावर म्हणतील, पडला तो स्वतःच्या हलगर्जीपणानं. पण हा विमा चूक कुणाची ते विचारत नाही. काम चालू असताना इजा झाली की उलट पुरावा नसेल, तर ती कामामुळेच झाली असं गृहीत धरलं जातं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: ठेकेदारानं वर्गणीच भरली नसेल तर? कायदा सांगतो, राज्य विमा महामंडळ लाभ देऊन मालकाकडून वसुली करू शकतं. अडतं ते पुराव्यापाशी. चादर मळकी निघाली तर प्रवासी रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवतो. वाटेत मध्यरात्री अटेंडंटचा हात दारात सापडला, तर वेदनाशामक गोळीवर भागतं आणि परतीची फेरी संपवून तो पुण्यात उतरेपर्यंत कागदावर काहीच नसतं. म्हणून डब्यातल्या टीटीईला त्याच वेळी सांगणं, गाडीचा क्रमांक नि वेळ लिहून ठेवणं आणि ठेकेदाराच्या अपघात नोंदवहीत नाव घालायला लावणं, एवढं तरी डॉक्टरकडे जाण्याआधी व्हायला हवं.