स्त्रीचे अस्थिधन

घरातील ज्येष्ठ स्त्री वाकून चालू लागली, तिची उंची घटल्यासारखी दिसू लागली, की ‘आता वय झाले’ असे म्हणून आपण तो विषय संपवितो. वस्तुतः अशा वाकलेल्या पाठीमागे अनेकदा मणक्यांचे न कळलेले अस्थिभंग असतात. पडणे नाही, आपटणे नाही. पाण्याची बादली उचलताना मणका चेपतो, काही दिवस पाठ दुखते, तेल चोळले जाते आणि गोष्ट विस्मरणात जाते.

हाड ही निर्जीव वस्तू नव्हे. जुने हाड झिजविणाऱ्या आणि नवे हाड रचणाऱ्या पेशी आयुष्यभर शेजारी शेजारी काम करीत असतात. तिशीपर्यंत जमा अधिक असते, पुढे खर्च वरचढ होऊ लागतो. बँकेच्या वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. झिजविणाऱ्या पेशींना आवर घालण्याचे काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करते. रजोनिवृत्तीनंतर अंडाशयांतून होणारी त्याची निर्मिती जवळजवळ थांबते आणि तो आवर सुटतो. बॉस्टनचे डॉ. फुलर अल्ब्राइट यांनी १९४० च्या सुमारास हा संबंध स्पष्टपणे मांडला. पाळी थांबल्यानंतरच्या पाच ते सात वर्षांत स्त्रीच्या अस्थिधनाचा वीस टक्क्यांपर्यंत भाग नाहीसा होऊ शकतो. त्यानंतर वेग मंदावतो. मणके आणि मनगट यांना झळ आधी लागते, खुब्याला बहुधा नंतर.

म्हणूनच हाडांच्या हिशेबात जन्मवर्षाइतकेच पाळी थांबल्याचे वर्षही महत्त्वाचे ठरते. पाश्चात्य देशांत हे वय सरासरी ५१ आहे. भारतीय स्त्रियांत ते ४६-४७ च्या आसपास आढळते.

परंतु जिची ‘पिशवी काढली’ आहे, तिच्यापाशी असे वर्षच नसते. गर्भाशयाबरोबर दोन्ही अंडाशयेही काढली असतील, तर इस्ट्रोजेनचा झरा शस्त्रक्रियेच्या दिवशीच आटतो. ती ठेवली असली, तरी रजोनिवृत्ती काही वर्षे अलीकडे येऊ शकते, आणि पाळी आधीच बंद असल्याने ती कधी आली हे कळतही नाही. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सरकारी पाहणीत सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या या स्त्रियांच्या कण्यांचे पुढे काय होणार, हा प्रश्न मात्र त्या मानाने फार कमी विचारला गेला. शहरी, सुशिक्षित कुटुंबांतही परिस्थिती फार निराळी नाही. काय काढले आणि काय ठेवले, हे बहुतेक जणींना सांगता येत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी हा प्रश्न स्पष्टपणे विचारावा आणि नंतरचे कागद ठेवपावतीप्रमाणे जपून ठेवावेत.

अकाली रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीस, अन्य अडचण नसल्यास, नैसर्गिक वयापर्यंत संप्रेरके देण्याचा सल्ला सामान्यतः दिला जातो. २००२ मध्ये अमेरिकेतील मोठ्या चाचणीत स्तनकर्करोग व पक्षाघात यांचा धोका वाढल्याचे दिसले आणि सर्वत्र धास्ती पसरली. तथापि त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे ध्यानात घ्यावयास हवे.

हाडांची घनता डेक्सा या वेदनारहित तपासणीने काही मिनिटांत मोजता येते. टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ती अस्थिविरलता, असा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये घालून दिला.

आहाराबाबत आपली स्वयंपाकघरे तशी समर्थ आहेत. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. रजोनिवृत्तीनंतर दररोज १,२०० मिलिग्रॅम मिळावे, अशी राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२० ची शिफारस आहे. त्यासाठी भाकरीच्या जोडीला दूध, दही, ताकही हवेच. मात्र हे कॅल्शियम अंगी लागण्यासाठी ‘ड’ जीवनसत्त्व लागते, आणि येथे ‘कोवळ्या उन्हा’विषयीची आपली समजूत आड येते. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सकाळी सातच्या उन्हात अत्यल्प असतात; ते दुपारच्या सुमारास मिळतात. रोजचे चालणेही हवे, कारण भार पेलल्यानेच हाड टिकते.

औषधे सुरू झाल्यास ती मनाने बंद करू नयेत. विशेषतः दर सहा महिन्यांनी घ्यावयाचे डेनोसुमॅबचे इंजेक्शन मध्येच सोडल्यास हाडांची झीज झपाट्याने उसळी घेते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. पुढच्या इंजेक्शनची तारीख दिनदर्शिकेवर आधीच लिहून ठेवावी.