जहाल शब्दांचं वजन

शेगावला बसून 'श्री गजानन विजय' ग्रंथाचं पारायण करणाऱ्याला पंधरावा अध्याय जरा वेगळा लागतो. भक्तांच्या गोष्टी चाललेल्या असतात आणि अचानक राजकारण दारात येऊन उभं राहतं. अकोल्यात शिवजयंतीचा उत्सव, सभेला गजानन महाराज हजर आणि भाषणाला उभे लोकमान्य टिळक. पुढे टिळकांना अटक होणार, हे महाराजांनी तिथेच सुचवलं, असं ग्रंथकार दासगणू सांगतात. 24 जून 1908 ला टिळक खरोखरच पकडले गेले. शेगावहून त्यांच्यासाठी भाकरीचा प्रसाद गेला, हेही याच पोथीत आहे.

खटला मात्र त्या भाषणावर नव्हता, त्यांच्या 'केसरी' या वृत्तपत्रातल्या लेखांवर होता. नवल पुढेच आहे. जहाल पुढारी लोकांना कसे पेटवतात, कोणती उपमा कुठे ठेवतात, याचा अभ्यास आज विद्यापीठांत होतो. टिळकांच्या बाबतीत तो आधी कोर्टात झाला, तोही सरकारी खर्चाने! लेख मराठीत, न्यायनिवाडा इंग्रजीत. त्यामुळे सारा झगडा भाषांतराचा. टिळकांनी सरकारी भाषांतरकाराची शब्दाशब्दावरून उलटतपासणी घेतली आणि मग स्वतःच्या बचावासाठी 21 तास 10 मिनिटं बोलले. ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी. निकाल सात विरुद्ध दोन, शिक्षा सहा वर्षं.

आठ वर्षांनी शब्द कोर्टात तोलण्याचा हाच प्रयोग पुन्हा झाला. 1916 साली बेळगाव आणि अहमदनगरला टिळकांनी होमरूलवर तीन भाषणं दिली. बेळगावात त्यांनी चक्क वेदान्त काढला. 'सरकार' ही मूळ कल्पना परब्रह्मासारखी निर्गुण, निराकार. मायेच्या नादाने ते आकार घेतं, तेव्हा त्यातून कारभारी निघतात. आकार बदला म्हटलं, तर ब्रह्माला कुठे धक्का लागतो? कीर्तनाला बसणाऱ्या शेतकऱ्याला हे झटकन कळणार, आणि राजद्रोहाचं कलम लावणाऱ्याची मात्र पंचाईत होणार. एका उपमेत दोन कामं!

या भाषणांवरून दंडाधिकाऱ्याने टिळकांकडून वर्षभराच्या चांगल्या वर्तणुकीसाठी 20 हजारांचा जातमुचलका आणि वर 10 हजारांचे दोन जामीन मागितले. हायकोर्टात बॅरिस्टर जिनांनी बाजू मांडली आणि 9 नोव्हेंबर 1916 ला तो हुकूम रद्द झाला. न्यायमूर्ती बॅचलर यांचं म्हणणं साधं होतं: सुटं वाक्य उचलून तोलू नका, अख्खं भाषण वाचा आणि ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा एकंदर काय परिणाम होईल ते बघा. वक्तृत्वाचा अभ्यासक आजही याहून वेगळं काय करतो? रिचर्ड कॅशमन यांनी 1975 च्या पुस्तकात टिळकांचं राजकारण तपासलं, तेव्हा त्यांनाही शब्दांपलीकडे जाऊन गणेशोत्सव आणि शिवजयंती वाचावी लागली. शब्दांचं वजन सभेच्या मांडवातच ठरतं. कागदावर उतरते ती त्याची पावती.

मुंबई हायकोर्टात 1956 साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते एक संगमरवरी फलक लागला. 1908 च्या निकालानंतर टिळक जे बोलले, ते त्यावर कोरलं आहे. 21 तासांचा बचाव दप्तरात राहिला. दगडावर गेली ती त्यानंतरची दोन-तीन वाक्यं.