गुरूविना आखाडा : छायाचित्रांतून उभे राहणारे 'बार्टित्सू'

तालमीत विद्या उतरते ती वस्तादाकडून. डाव नुसता ऐकून कळत नाही, तो अंगावर घ्यावा लागतो, असे महाराष्ट्रातील आखाड्यांत पिढ्यान् पिढ्या मानले जाते. मग जिची एकमेव शाळा १९०२ मध्ये बंद पडली आणि जिचा प्रवर्तक १९५१ मध्ये निवर्तला, ती युद्धकला शिकायची तरी कोणाकडून? ब्रिटन, अमेरिका, इटली आदी देशांतील काही हौशी अभ्यासगटांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःपुरते शोधले आहे. ही कला म्हणजे 'बार्टित्सू'. तिचे धडे ते जुन्या मासिकांची पाने समोर ठेवून, एकमेकांच्या साह्याने गिरवतात.

चार विद्यांचा संगम

बार्टित्सूचे प्रवर्तक एडवर्ड विल्यम बार्टन-राइट यांचा जन्म १८६० मध्ये बंगळूरला झाला. पेशाने अभियंता असलेले बार्टन-राइट कामानिमित्त जपानमध्ये राहिले आणि तेथे त्यांनी जुजुत्सूचे शिक्षण घेतले. १८९८ मध्ये लंडनला परतल्यावर त्यांनी आत्मसंरक्षणाची नवी पद्धती जाहीर केली. 'बार्टन' आणि 'जुजुत्सू' यांच्या संधीतून तिचे नाव तयार झाले.

जुजुत्सू, इंग्रजी मुष्टियुद्ध, साव्हात ही फ्रेंच लाथयुद्धाची पद्धत आणि हातकाठीचा वापर असे या पद्धतीचे चार मुख्य घटक होते. लंडनच्या शाफ्ट्सबरी अव्हेन्यूवरील शाळेसाठी जपानहून युकिओ तानी व सादाकाझू उयेनिशी हे दोन तरुण आले. काठी शिकविण्यास पिअर व्हिन्यी आणि कुस्तीसाठी आर्मां शेर्पियो हे स्वित्झर्लंडचे दोघे होते. पूर्व आणि पश्चिमेकडील युद्धविद्या एकाच छताखाली शिकविण्याचा युरोपातील हा अगदी आरंभीचा प्रयत्न. मात्र तो जेमतेम काही वर्षेच टिकला. शाळा बंद झाल्यावर तेथील शिक्षकांनी आपापल्या वाटा धरल्या आणि बार्टन-राइट शारीरिक उपचारांच्या व्यवसायात शिरले. वयाच्या नव्वदीत, विपन्नावस्थेत त्यांचा अंत झाला.

या कलेचे नाव काही प्रमाणात जिवंत राहिले ते शेरलॉक होम्समुळे. १९०३ मधील एका कथेत आर्थर कॉनन डॉयल यांनी होम्सला 'बारित्सू' नावाची विद्या येत असल्याचे लिहिले. नावातील एक अक्षर गळाले खरे, पण त्या एका उल्लेखामुळे पुढील संशोधकांचे कुतूहल चाळवले.

कागदावर काय आहे, काय नाही

बार्टन-राइट यांनी १८९९ आणि १९०१ मध्ये लंडनच्या 'पिअर्सन्स मॅगझिन'मध्ये सचित्र लेख लिहिले. हे लेख पुन्हा उजेडात आल्यानंतर २००२ मध्ये 'बार्टित्सू सोसायटी' हा अभ्यासकांचा अनौपचारिक संघ उभा राहिला. टोनी वुल्फ यांनी संपादित केलेल्या 'बार्टित्सू कॉम्पेन्डियम'चे दोन खंड २००५ व २००८ मध्ये प्रसिद्ध झाले आणि विखुरलेली साधने एकत्र मिळू लागली.

खरी अडचण येथूनच सुरू होते. त्या लेखांमध्ये जुजुत्सूचे डाव आणि काठीचे हात सविस्तर आहेत. मुष्टियुद्ध व लाथा यांत आपण बदल केल्याचे बार्टन-राइट सांगतात, पण त्याचा तपशील देत नाहीत. छायाचित्रांत डावाचा आरंभ दिसतो आणि शेवट दिसतो. मधले पाऊल कोठे पडले, वजन कोणत्या पायावर गेले, हे मात्र वाचकालाच ताडावे लागते.

म्हणूनच अभ्यासक दोन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवतात. मूळ लेखांत जसे आहे तसे ते 'प्रमाण' बार्टित्सू. ही पोकळी समकालीन साधनांनी भरून काढलेले ते 'नव' बार्टित्सू. उयेनिशी यांचे १९०५ मधील जुजुत्सूवरील पुस्तक किंवा भारतातील पोलिस अधिकारी एच. जी. लँग यांचे १९२३ मधील हातकाठीवरील पुस्तक ही अशा साधनांची उदाहरणे. लँग यांची पद्धत व्हिन्यी यांच्या पद्धतीशी बरीच जुळते.

सराव कसा चालतो

अशा गटात पट्टे नसतात आणि कोणी एक वस्तादही नसतो. एक जण उतारा वाचतो, दोघे तो संथ गतीने करून पाहतात, बाकीचे छायाचित्राशी ताडून बघतात. मग भूमिका बदलतात. एकाच उताऱ्याचे दोन अर्थ निघाले, तर दोन्ही करून पाहिले जातात.

निवाडा करण्यासाठी बार्टन-राइट यांचीच तत्त्वे उपयोगी पडतात. प्रतिस्पर्ध्याचा तोल बिघडवावा, तो सावरून ताकद लावण्याआधीच त्याला गाठावे आणि गरज पडल्यास सांध्यांवर त्यांना न पेलणारा ताण द्यावा, असा त्यांचा क्रम आहे. एखाद्या अर्थाने तोलच ढळत नसेल, तर वाचनात कोठेतरी चूक आहे असे समजावे.

काठीचे उदाहरण बोलके आहे. तलवारीच्या मुठीला हात वाचविणारे कवच असते, काठीला ते नसते. त्यामुळे समोरच्याचा वार काठीवरून घसरून बोटांवर येऊ नये, अशा रीतीने व्हिन्यी पद्धतीत हात उंच वा दूर ठेवून काठी तिरकी धरली जाते. सरावात जाड हातमोजे घातले की बोटांना मार जाणवत नाही, हात नकळत खाली येतो आणि त्या पवित्र्यामागचे कारणच हरवते. उलट संरक्षणाशिवाय खेळल्यास बोटे मोडण्याचा धोका. त्यामुळे तोंडावर तलवारबाजीचा जाळीदार मुखवटा, हातात हलका वेत, मोजे असले तरी हातावरचा प्रत्येक वार मोजायचा आणि वेग टप्प्याटप्प्याने वाढवायचा, असा मार्ग काढता येतो.

जुजुत्सूच्या बाबतीत मात्र कागदावर विसंबून चालत नाही. पाठीवर सुरक्षित पडण्याचे तंत्र आधी यावे लागते. ते ज्यूदोच्या अनुभवी शिक्षकाकडून शिकून घेणेच शहाणपणाचे. मान, खांदा, कोपर यांवरील पेच संथच करावेत आणि जोडीदाराने थाप मारताच सोडावेत, हा नियम मोडणाऱ्याला अशा गटात जागा नसावी.

फसगत आणि फायदा

वस्ताद नसलेल्या गटातील सर्वांत मोठा धोका दुखापतीचा नव्हे, भ्रमाचा असतो. जोडीदार मित्र असतो आणि पुढचा डाव त्याला ठाऊक असतो, म्हणून तो वेळेवर पडतो. पडणाऱ्याला आपण पाडले, असे करणाऱ्याला वाटू लागते. त्यावर उपाय एकच, जोडीदाराने मनापासून विरोध करायचा आणि डाव फसला तर तसे मान्य करायचे. एवढे करूनही हे रस्त्यावरील हल्ल्याला तोंड देण्याचे हमखास प्रशिक्षण ठरत नाही. अखंड परंपरेचा दावा तर कोणालाच करता येणार नाही.

मग हाती काय लागते? परंपरेच्या तालमीत 'हे असेच का?' या प्रश्नाला 'वस्तादांनी सांगितले म्हणून' हे उत्तर पुरते. येथे ते उपलब्ध नाही. प्रत्येक पवित्र्याचे कारण पुस्तकात शोधावे लागते, मग ते अंगावर तपासावे लागते. गुरूची उणीव त्याने भरून निघत नाही, पण कोणती गोष्ट पुराव्याने माहीत आहे आणि कोणती केवळ अंदाजाने, हा फरक विसरता येत नाही. तो जपणाऱ्या गटातच या विझलेल्या विद्येचा प्रामाणिक अंश हाती लागण्याची शक्यता आहे.