बांबूचे धनुष्य, बांबूचीच दोरी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणात शस्त्रागाराच्या अधिकाऱ्यासाठी एक प्रकरण आहे. कोठारात काय असावे, याची ती यादी आहे. धनुष्ये ताडाची, बांबूची, लाकडाची आणि शिंगाची. त्यांच्या दोऱ्या मोरवेलीच्या, रुईच्या, तागाच्या, गवेधु गवताच्या, स्नायूच्या आणि वेणूच्या. वेणू म्हणजे बांबू. शहरात वाढलेला वाचक या शब्दापाशी अडखळतो. धनुष्य बांबूचे असते हे त्याला ठाऊक असते, पण दोरीही बांबूची कशी असेल? बालाघाट जिल्ह्यातल्या बैहरकडच्या जुन्या बैगा किंवा गोंड माणसाला हा प्रश्न पडणार नाही. सातपुड्यापासून बस्तरपर्यंतच्या आदिवासी धनुष्यांना बांबूच्या सालीच्या पट्टीचीच दोरी असते. कोठाराच्या यादीतला तो शब्द या डोंगरात आजवर वस्तू होऊन टिकला आहे.

बालाघाट मराठी वाचकाला तसा परका नाही. 1867 साली भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तो तयार झाला. तो नागपूर विभागात होता. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. गोंदियाहून बालाघाट 40 किलोमीटरच्या आसपास आहे. वैनगंगेच्या काठची भाताची सपाटी, पोवारी आणि मराठी बोलणारी गावे, बाजार, नातीगोती हे सगळे आपल्या ओळखीचे. घाट चढून बैहरच्या पठारावर गेले की साल आणि बांबूचे रान लागते आणि गोंड-बैगांचा मुलूख सुरू होतो. धनुर्विद्या म्हटले की आपण थेट कुरुक्षेत्रावर जातो. हे पठार आपल्याला आठवत नाही. ते आठवावे, म्हणून हा लेख.

आधी धनुष्य कसे घडते ते पाहू. या रानातला मुख्य बांबू म्हणजे विदर्भात ज्याला मानवेल म्हणतात तो, जवळजवळ भरीव. काटेरी कटांग त्याहून जाड, पण पोकळ. धनुष्याला मानवेलच हवा. पावसाळ्यानंतर थंडीत तोडलेल्या पक्व बांबूला कीड कमी लागते. तो उभा चिरून कांब काढतात. खरी विद्या इथून पुढची आहे. बांबूच्या भिंतीत तंतूंचे जुडगे सगळीकडे सारखे नसतात. सालीकडे ते दाट, आतल्या अंगाला विरळ. धनुष्य ओढले की त्याची बाहेरची, म्हणजे लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि तिरंदाजाकडची बाजू दाबली जाते. म्हणून साल नेहमी बाहेर ठेवायची आणि तासायचे ते आतून. सालीला धार लागली, एखादा तंतू तुटला, की ताण त्या जागी गोळा होतो आणि कांब तिथेच फुटते. मुठीपाशी जाड, टोकांकडे निमुळती अशी ती तासली जाते. पेरांच्या गाठी मात्र अलगद हाताळाव्या लागतात, कारण तिथे तंतू वळणे घेतात. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. त्यासाठी मोजमापाचे यंत्र नसते, डोळा आणि तळहात असतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकात वाकणाऱ्या तुळईचे जे प्रकरण असते, ते या कारागिराने न वाचता हाताने लिहिलेले आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

आता दोरी. सालीचीच पातळ, लांब, चिवट पट्टी काढून ती दोन्ही टोकांना वाखाच्या वेढ्यांनी बांधायची. बांबूची पट्टी गाठीला नाखूश असते, मुडपली की मोडते, म्हणून टोकाशी वाख लागतो. दोरी जितकी कमी ताणेल तितकी धनुष्याची ताकद बाणाला मिळते. कापसाची दोरी ताणते, स्नायूची तात पावसात सैल पडते. बांबूची पट्टी जवळजवळ ताणतच नाही आणि ओल फारशी मानत नाही. चार महिने पाऊस झेलणाऱ्या रानात याहून योग्य दोरी कोणती?

ही तुलना पोकळ नाही. मध्ययुगात दरबारात आणि घोडदळात मान होता तो शिंग, लाकूड आणि स्नायू सरसाने चिकटवून केलेल्या कमानीला. आकाराने लहान, मारा जबरदस्त, घोड्यावरून चालवायला सोयीची. पण सरस आणि स्नायू दमट हवेचे वैरी. म्हणूनच हिंदुस्थानात पोलादी कमानीही घडवल्या गेल्या. त्या मारात उण्या, पण शस्त्रागारात वर्षानुवर्षे पडून राहिल्या तरी बिघडत नव्हत्या. जपानी युमीमध्ये बांबू आणि लाकडाचे थर जोडतात. इंग्रजांचे लांब धनुष्य यू नावाच्या झाडाचे, त्याच्या बाहेरच्या आणि गाभ्याच्या लाकडाचे गुण वेगवेगळे. प्रत्येक मुलखाने आपल्या हवेला आणि झाडाला विचारून उत्तर शोधले. आपल्या मुलखाचे उत्तर मानवेल हे आहे.

बाणाकडे वळू. दांडी बांबूची किंवा बोरूची, शेकावर धरून सरळ केलेली. मागे दोरीत बसणारी खाच, तिच्या पुढे पिसारा, पुढे फाळ. जुन्या संस्कृतात बाणाच्या या मागच्या भागाला पुंख म्हणत. फाळांबाबत अर्थशास्त्र पुन्हा नेमके बोलते. तोडणारे, भेदणारे आणि नुसते ताडणारे असे तीन प्रकार, आणि ते लोखंडाचे, हाडाचे आणि लाकडाचे. आता 1916 साली निघालेला रसेल आणि हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जातीजमातींवरचा ग्रंथ उघडा. भिल्लांच्या प्रकरणात बांबूचे धनुष्य, बांबूच्या सालीची दोरी, बांबूच्या चटईचा भाता आणि तीन तऱ्हेचे बाण भेटतात. सुरीसारख्या चपट्या धारेचे, खिळ्यासारखे गोल, आणि पाखरू पाडण्यासाठी पुढे बोंड असलेले. तोडणारे, भेदणारे, ताडणारे. मधे दोन हजार वर्षे गेली तरी शस्त्रागाराची यादी आणि डोंगरातला भाता एकमेकांना ओळखतात. राजाने रानाकडून घेतले की रानाने राजाकडून, हे ठरवण्याची मला गरज वाटत नाही. पण पचमढीच्या महादेव डोंगरातल्या शैलचित्रांत तिरंदाज आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

बाणाची आणखी एक गंमत आहे. साध्या धनुष्यात बाण मुठीच्या मधून जात नाही, बाजूने जातो. सरळ नेम धरला तर तो एका अंगाला जायला हवा, पण जात नाही. सुटताना दांडी मासोळीसारखी वळवळते, मुठीला वळसा घालते आणि पुढे सरळ होते. त्यासाठी दांडीचा ताठपणा धनुष्याच्या जोराला जुळावा लागतो. फार ताठ किंवा फार लवचीक, दोन्ही बाण भरकटतात. आज कार्बनच्या बाणांवर हा ताठपणा आकड्यात छापलेला असतो. बांबूचा बाण निवडणारा माणूस दांडी दोन बोटांत वाकवून तोच आकडा जोखतो.

मराठीत या सगळ्याला शब्द कमी नाहीत. धनुष्य, कमठा, तिरकमठा, कांब, मूठ, दोरी, प्रत्यंचा, भाता, दांडी, खाच, पिसारा, फाळ. तिरंदाजीच्या मैदानावर मात्र मुले रायझर, लिंब, स्ट्रिंग, नॉक, व्हेन, क्विव्हर म्हणतात. त्यात वावगे काही नाही, कारण सुटे भाग त्याच नावाने बाजारात मिळतात. स्टॅबिलायझर, क्लिकर, कंपाऊंड धनुष्याची चाके ही नवी साधने, त्यांची नावेही नवीच असणार. पण आर्मगार्ड आणि फिंगर टॅब नवे नाहीत. दोरीचा फटका बसू नये म्हणून डाव्या हाताला बांधायच्या चामड्याला महाभारतात गोधा म्हटले आहे. गोधा म्हणजे आपली घोरपड, तिच्या कातड्यावरून ते नाव पडले. बोटांसाठी अंगुलित्राण होते. उभे राहण्याच्या समपद, आलीढ, प्रत्यालीढ अशा पद्धती अग्निपुराणातल्या धनुर्वेदात आहेत. प्रशिक्षकाने नवे साधन हाती देताना हे जुने नावही एकदा सांगावे. मुलाला कळेल की हा खेळ त्याच्या घरचा आहे.

बोटांचा विषय निघाला की एकलव्य येतोच. दोरी ओढण्याच्या मुख्य रीती दोन. तुर्की-मुघल रीतीत दोरी अंगठ्याने ओढतात, त्यासाठी अंगठ्यात कडे घालतात. मुघल चित्रांत ते दिसते. दुसरी रीत तर्जनी, मध्यमा आणि अनामिका या तीन बोटांची. ऑलिंपिकच्या रिकर्व्ह प्रकारात आज हीच चालते, अंगठा दोरीला लागत नाही. अंगठा दिल्यानंतर एकलव्य बोटांनी बाण मारू लागला, पण पूर्वीचा वेग उरला नाही, असे आदिपर्व सांगते. मध्य प्रदेश सरकार तरुण खेळाडूंना एकलव्य पुरस्कार देते. ज्याच्याकडून विद्या काढून घेतली त्याच्या नावाने गौरव होतो, ही चांगली गोष्ट आहे. पण त्याच्या वंशातल्या मुलांच्या हाती साधन पोचणे त्याहून महत्त्वाचे.

बैहरच्या पठारावर हे साधन हातातून कसे सुटले, हा इतिहास ताजा आहे. 1878 च्या वन कायद्याने राखीव जंगले ठरली आणि त्यांत शेती, तोड, शिकार यांवर बंधने आली. नांगराने धरतीमातेची छाती फाडायची नाही, या श्रद्धेने बैगा बेवर करत, म्हणजे रान तोडून, जाळून, राखेत बी फेकत. 1890 मध्ये बेवर शेजारच्या मंडला जिल्ह्यातल्या बैगा चक या राखून दिलेल्या भागापुरते मर्यादित झाले. मानवशास्त्रज्ञ व्हेरियर एल्विन यांचा ‘द बैगा’ हा ग्रंथ 1939 चा. बेवर आणि शिकार गेल्यावर या समाजाचे मन कसे खचले, ते त्यात वाचायला मिळते. 1955 मध्ये कान्हा राष्ट्रीय उद्यान झाले. त्याचे मुक्की प्रवेशद्वार बालाघाट जिल्ह्यात आहे. 1972 चा वन्यजीव कायदा आला, पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प आला, आणि उद्यानातली बैगा गावे बाहेर हलवली गेली. वाघ आणि बारशिंगा वाचले, ते वाचायलाच हवे होते. शिकार बंद असावी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण शिकारीबरोबर धनुष्य घडवण्याची विद्याही जणू गुन्ह्यात जमा झाली, आणि हे मात्र टाळता आले असते.

टाळण्याचा रस्ता खेळातून जातो. भारतीय तिरंदाजी संघटना 1973 ची. तिच्या स्पर्धांत रिकर्व्ह आणि कंपाऊंडबरोबर ‘इंडियन राउंड’ नावाचा गट असतो. बांबूचे धनुष्य, नेमाला दुर्बीण नाही, तोल सांभाळणारे दांडे नाहीत, अंतर 50 आणि 30 मीटर. राजस्थानच्या आदिवासी पाड्यातून 1987 च्या निवड चाचणीत पुढे आलेला लिंबाराम 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकपर्यंत पोचला. झारखंडची दीपिका कुमारी लहानपणी घरच्या बांबूच्या धनुष्यावर शिकली. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, मजूर आईबापांचा प्रवीण जाधव टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक खेळला. 2023 मध्ये बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी एकाच दिवशी कंपाऊंडचे विश्वविजेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात 150 पैकी 150 गुण घेतले, अदिती तेव्हा 17 वर्षांची होती. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच येतो आहे.

अडचण पायरीची आहे. बांबूचे धनुष्य काही हजारांत होते. वरच्या स्पर्धेचे रिकर्व्ह किंवा कंपाऊंडचे पूर्ण साहित्य दोन-तीन लाखांच्या घरात जाते. 70 मीटरवरच्या 122 सेंटिमीटरच्या लक्ष्यात मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे 12.2 सेंटिमीटरचे. ते बांबूच्या धनुष्याने वारंवार साधणे अवघड. म्हणजे इंडियन राउंडमध्ये चमकलेल्या आदिवासी मुलापुढे एका टप्प्यावर लाखांची भिंत उभी राहते आणि बरीच मुले तिथूनच परततात.

बैहरच्या निवासी शाळांत बांबूच्या धनुष्याचा नियमित सराव असावा. धनुष्ये स्थानिक बैगा-गोंड कारागिरांकडून घ्यावीत आणि त्यांना शिकवणारे म्हणून मानधन द्यावे. वनहक्क कायद्याने 2006 मध्ये बांबू गौण वनोपज ठरला आहे, तेव्हा जिथे ग्रामसभेचा सामूहिक वनहक्क मान्य झाला आहे तिथे कच्चा माल तिच्या संमतीने घेता येईल. निवडक मुलांना वरच्या साहित्याची हमी राज्याने घ्यावी. आणि बालाघाट-गोंदियातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या ओळखीत धनुष्य घडवणारा वृद्ध असेल तर त्याची परवानगी घेऊन, बांबू निवडण्यापासून दोरी चढवण्यापर्यंतचे प्रत्येक काम आणि त्याचा प्रत्येक शब्द, गोंडी असो, बैगानी असो की मराठी, याच हिवाळ्यात नोंदवून ठेवा. बांबू तोडण्याचा हंगाम आता सुरू होतो आहे.