गळाला लागते ती माय
लेखमाला : खाऱ्या पाण्याची ओळख (भाग 9)

माझ्या टेबलावर दोन गऱ्या आहेत. एक करंगळीच्या नखाएवढी, मामांच्या गळाची, गंजून तांबूस झालेली. दुसरी माझ्या तळव्यात मावत नाही. जहाजावर नोकरी करणारा भाचा ती मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरातून घेऊन आला. अमरावतीच्या राजापेठेत आमच्या घरी येणारा प्रत्येक जण ती उचलून बघतो, बोट टोकावर फिरवतो आणि विचारतो, "याला अडकतं तरी काय?"

गेल्या आठवड्याचा भाग वाचून धारणीच्या एका शिक्षक वाचकाने जवळपास हेच विचारलं. ट्यूना, मार्लिन यांसारखे मासे उभा महासागर पालथा घालत फिरतात असं मी लिहिलं होतं. मग त्यांना पकडणारे हौशी लोक नेमके बेटांजवळच का जमतात? भर समुद्रात का जात नाहीत? प्रश्न बिनतोड आहे, म्हणून हा भाग त्यालाच देतो. उदाहरण घेतो मॉरिशसचं, कारण मोठ्या माशांच्या शिकारीसाठी जगभरातले शौकीन जिथे येतात तो रिव्हिएर न्वार, म्हणजे काळ्या नदीचा किनारा, आपल्याच माणसांच्या शेजारचा आहे.

आधी बेटाचा आवाका बघू. मॉरिशस बेटाचं क्षेत्रफळ सुमारे 1,865 चौरस किलोमीटर. आपल्या एका अमरावती जिल्ह्यात अशी सहा बेटं सहज बसतील. मादागास्कर तिथून सुमारे 800 किलोमीटर पश्चिमेला, आणि एखाद-दुसरं बेट सोडलं तर बाकी सगळीकडे पाणीच पाणी. हे बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, म्हणजे समुद्रतळावरून उठलेल्या एका प्रचंड डोंगराचा माथा. हे नीट डोळ्यांसमोर आणायचं तर चिखलदऱ्याला जा. पंचबोल पॉइंटच्या कठड्याशी उभं राहा आणि खाली बघा. पायाखाली सपाट जमीन आहे आणि दोन पावलांपुढे एकदम दरी. आता तो अख्खा कडा पाण्यात बुडवा. मॉरिशसचा नैर्ऋत्य किनारा असाच आहे. ल मॉर्न डोंगराजवळ प्रवाळाची कड ओलांडली की किनाऱ्यापासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर पाणी 600 मीटरच्या पुढे खोल जातं. आपल्या कोकणात एवढी खोली गाठायला बोटीला दिवसाहून जास्त चालावं लागेल, कारण तिथला उथळ कट्टा शेकडो किलोमीटर आत गेलेला आहे. मॉरिशसचा खलाशी सकाळचा चहा घेऊन निघतो आणि अर्ध्या-पाऊण तासात महासागराच्या खोल दारात उभा असतो.

खोली एवढ्यानेच भागत नाही. पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा विषुववृत्तीय प्रवाह या डोंगरावर येऊन आदळतो. गाविलगडच्या डोंगरावर आदळलेले ढग जसे वर चढतात आणि पाऊस पाडतात, तसंच इथे खालचं थंड, खनिजांनी भरलेलं पाणी वर ढकललं जातं. त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती पोसतात, त्यांच्यावर बारीक जीव, त्यांच्यावर लहान मासे. शिवाय बेटाच्या पाठीमागे, आडोशाच्या बाजूला, भोवरे तयार होतात. सिपना नदीत ज्याने गळ टाकला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. धारेत मासा कधी उभा राहत नाही, तो मोठ्या दगडामागच्या वळणात थांबतो. वाहून आलेलं खाणं तिथे आपसूक फिरत राहतं आणि त्याला ताकद खर्च करावी लागत नाही. बेट हा महासागरातला तोच दगड. ल मॉर्न आणि काळी नदी नेमक्या त्या आडोशाला आहेत. हवाईच्या मोठ्या बेटावरचं कोना हे गावही असंच, वाऱ्याच्या आडोशाला. तिथेच 1982 मध्ये 624 किलोचा निळा मार्लिन गळाला लागला आणि पॅसिफिकचा विक्रम झाला. मॉरिशसच्या काळ्या नदीवर 1988 मध्ये 505 किलोचा माको जातीचा शार्क धरला गेला, तो विक्रम 2001 पर्यंत कुणाला मोडता आला नाही.

आता आपली माणसं. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी करारबद्ध मजूर मॉरिशसला नेले गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांमध्ये रत्नागिरी आणि आजूबाजूच्या मुलखातले मराठी कुणबी-मजूर पुष्कळ होते. त्यांचे वंशज आज तिथे वाकोआ, काळ्या नदीचा जिल्हा अशा भागांत आहेत. गणेशचतुर्थीची तिथे देशभर सुट्टी असते, घरोघरी पुरणपोळी होते, झाकरी अजून नाचली जाते. उसाच्या फडातून मान वर केली की त्यांना ल मॉर्नचा 556 मीटरचा काळा कडा दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी त्या पांढऱ्या शिकारी बोटी. मळ्यातली माणसं आणि बोटीतले पाहुणे यांच्यात कित्येक वर्षं जगाचं अंतर होतं. हल्ली त्या बोटींवर राबणारे हात बहुतेक स्थानिकांचेच असतात.

ही बोट चालते कशी ते सांगतो, कारण गळ टाकून काठावर बसायचं असं आपल्याला वाटतं आणि इथे बसणं जवळजवळ नसतंच. नोव्हेंबर ते मार्च हा मार्लिनचा हंगाम. बोट ताशी पंधराएक किलोमीटरने चालत राहते. दोन्ही बाजूंना बांबूसारखे लांब दांडे पसरलेले असतात. त्यांच्यावरून सोडलेल्या दोऱ्या एकमेकींत गुंतत नाहीत आणि मागच्या फेसात चार-पाच खोटे मासे नाचत राहतात, रंगीत प्लास्टिकच्या झालरी लावलेले. मार्लिन खालून हे बघतो. त्याच्या डोळ्यांजवळच्या स्नायूत उष्णता तयार करणारा एक भाग असतो. त्यामुळे थंड, अंधाऱ्या पाण्यातही त्याचा मेंदू आणि डोळे गरम राहतात आणि नजर तेज असते. तो वर येतो तेव्हा अंगावरचे निळे पट्टे पेटल्यासारखे उजळतात. भाल्यासारखी चोच तो आडवी फिरवतो, आणि पुढच्या क्षणी रीळ किंचाळायला लागतं.

त्या रिळाचं तंत्र संक्रांतीला चक्री धरणाऱ्या कुठल्याही पोराला समजेल. वाऱ्याने जोर धरला की मांजा आवळून धरायचा नसतो, ढील द्यायची असते, नाहीतर काटायची गरजच उरत नाही, मांजा आपोआप तुटतो. रिळात चकत्यांचा एक ब्रेक असतो. 130 पौंडाची, म्हणजे 59 किलो ताण सहन करणारी दोरी असेल, तर तो ब्रेक साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर, अठरा-वीस किलोवर लावतात. मासा त्याहून जास्त जोर लावेल तेव्हा दोरी सुटत जाते, जोर कमी झाला की माणूस ओढून घेतो. वीस किलो म्हणजे विहिरीतून भरलेली घागर ओढण्याहून जास्त. फरक इतकाच की ही घागर उलटी ओढते आणि तास-दीड तास थांबत नाही. म्हणून माणूस बोटीला ठोकलेल्या खुर्चीत बसतो, पाय टेकवतो आणि कमरेला पट्टा बांधतो. 1939 मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा नियम असा की मासा लागल्यापासून दुसऱ्या कुणाचा हात दांड्याला किंवा रिळाला लागला तर विक्रम बाद.

इथे मला जे सांगायचं आहे त्याकडे येतो. निळ्या मार्लिनचा नर दीडशे किलोच्या पुढे क्वचितच जातो. तीनशे, चारशे, सहाशे किलोचा मार्लिन मादीच असते. काळ्या मार्लिनचंही तसंच. बंदराच्या कमानीला उलटा टांगलेला, शेजारी हसणारा शिकारी, बाजूला पाटीवर वजन, असे जे फोटो आपण बघतो त्या प्रत्येकात एक माय टांगलेली असते. ती मोठी झाली ते दहा-पंधरा किंवा त्याहून जास्त वर्षं जाळी, शार्क आणि उपासमार चुकवून. एका विणीत ती लाखोंनी अंडी सोडते, आणि मोठ्या मादीची अंडी लहान मादीपेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतात. त्या अंड्यांतून निघालेलं पिल्लू पापणीच्या केसाएवढं असतं आणि बहुतेक पिल्लं पहिल्या आठवड्यातच संपतात. जगणाऱ्या एकेका पिल्लाचा हिशेब त्या मोठ्या मादीवर असतो.

हे मला पुस्तकातून कळायच्या कितीतरी आधी मामांनी दाखवलं होतं. मी सातवीत असेन. मृगाच्या पहिल्या पावसानंतर गावच्या तलावावर आम्ही गळ टाकला होता, बेंडकुळी लावून. मोठी मरळ लागली. मी नाचत होतो. मामांनी तिला काठावर घेतलं, मग पाण्याकडे बघितलं. जिथून ती आली होती तिथे पृष्ठभागावर तांबड्या शेवयांचा गुच्छ हलत होता. शेकडो पिल्लं, एकाच जागी घोटाळणारी. मरळ पिल्लांची राखण करते, तिच्याविना ती बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. मामांनी ओठातली गरी दोन बोटांनी फिरवून काढली आणि म्हणाले, "सोड तिले. तिचे लेकरं वाट पाह्यतेत." घरी गेलो तेव्हा मामीने काही विचारलं नाही, पिठलं टाकलं.

मॉरिशसमध्ये सोडण्याची पद्धत उशिरा रुजली. तिथला जुना रिवाज असा की पाहुण्याने पकडलेला मासा बोटवाल्याचा. धुरावर वाळवलेला मार्लिन, पातळ कापा करून लिंबासोबत वाढलेला, ही त्या बेटाची आवडती चीज आहे आणि बाजारात त्याला पैसा येतो. बोटवाल्याच्या बाजूने विचार केला तर हे समजण्यासारखं आहे, दिवसाच्या डिझेलचा खर्च त्यातून निघतो. पण दरच असा ठरवावा की मासा सोडला तरी खलाशाच्या हाती तितकेच पैसे पडतील, असं माझं ठाम मत आहे. शौकिनाकडे ते देण्याची ऐपत असते. ज्या जिवासाठी तो अर्धं जग ओलांडून आला, तो जिवंत राहील एवढी किंमत त्याने मोजावी.

आता ती मोठी गरी पुन्हा हातात घेऊ. आपली नेहमीची गरी इंग्रजी जे अक्षरासारखी असते, टोक सरळ वर. ही मात्र गोल आहे, टोक आत, दांडीकडे वळलेलं. बघणाऱ्याला वाटतं ही चुकून वाकली. आमिषाचा मासा लावून गळ टाकतात तेव्हा हीच वापरावी. मार्लिन आमिष गिळतो आणि वळतो. साधी गरी त्याच्या पोटात किंवा कल्ल्यात रुतते आणि सोडलेला मासाही आतून रक्तस्राव होऊन मरतो. गोल गरीचं टोक आत असल्याने ती घशातून घसरत बाहेर येते आणि जबड्याच्या कोपऱ्यात अडकते. कोपरा म्हणजे कूर्चा आणि कातडी, जखम भरते. सगळी करामत टोकाच्या त्या अर्ध्या बोटाच्या वळणात आहे.

सोडण्याचीही एक रीत आहे. मार्लिनला जागच्या जागी उभं राहून श्वास घेता येत नाही, पोहताना तोंडातून कल्ल्यांवर पाणी वाहिलं तरच प्राणवायू मिळतो. दमलेला मासा नुसता सोडला तर तळाला जातो. म्हणून जाड हातमोजे घालून खलाशी त्याची चोच धरतो, मासा पाण्यातच ठेवून बोट अगदी हळू पुढे नेतात. तपकिरी पडलेलं अंग हळूहळू निळं होतं, शेपटी एकदा, दोनदा हलते, आणि मग हाताला झटका बसतो. तेव्हाच सोडायचं. बारीक दोरीवर मोठा मासा आणणं हे कौशल्याचं मानतात, पण त्यात झुंज तीन-चार तास लांबते आणि मासा आतून संपून जातो. जाड दोरी, कमी वेळ, यातच दया आहे.

हौशी गळांनी समुद्र रिकामा होतो असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. हिंदी महासागरात मार्लिनची बहुतेक कत्तल ट्यूनासाठी लावलेल्या गिलजाळ्यांत आणि मैलोन् मैल लांब गळदोऱ्यांत होते, त्यात आपला देशही आहे. सेशल्सच्या व्हिक्टोरिया शहरात या महासागराचा ट्यूना आयोग आहे. त्याने 2018 मध्ये मार्लिन आणि सेलफिशच्या पकडीवर मर्यादा घातल्या. त्या कितपत पाळल्या जातात हा मोठा विषय आहे.

पण हौशी माणसाने सोडलेल्या एका माशाने जे शिकवलं ते कुठल्या जाळ्याने शिकवलं नसतं. अमेरिकेच्या डेलावेअर राज्याच्या किनाऱ्याजवळ, अटलांटिकमध्ये, एक निळा मार्लिन गळाला लागला. पकडणाऱ्याने त्याच्या पाठीत क्रमांकाची एक बारीक पट्टी टोचली आणि सोडून दिला. 1,108 दिवसांनी तोच मासा मॉरिशसजवळ पुन्हा पकडला गेला. अगदी सरळ रेषेने धरला तरी प्रवास 14,893 किलोमीटरचा, आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून. तोपर्यंत अटलांटिकचे मार्लिन आणि हिंदी महासागरातले मार्लिन ही जणू दोन वेगळी गावं आहेत असं धरून चालण्याची सवय होती. हे कळलं ते त्या बारीक पट्टीवरच्या क्रमांकामुळे.

धारणीच्या सरांना एवढंच कळवतो की गोल गरी बघायची असेल तर राजापेठेत यावं, मामांची गरीही शेजारी ठेवलेली आहे.

(पुढच्या आठवड्यात : गिलजाळं. ते पाण्यात दिसत का नाही, आणि एका रात्रीत किती किलोमीटर पसरतं.)