उलटा डोंगर

साताऱ्याच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. वर्गाच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसायचा. त्यामुळे डोंगर म्हटला की आधी चढ, मग उतार, हे अंगात मुरलेलं. जाताना दम लागतो, वर पोचल्यावर दरी दिसते आणि येताना गुडघे बोलायला लागतात. सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये गेले आणि हे गणित साफ उलटं निघालं.

लेकीबरोबर पॅरामाटाहून गाडी पकडली आणि ब्लॅकहीथला उतरले. टुमदार, गार गाव, उंची १०६५ मीटर. स्टेशनवरून गोवेट्स लीप रोडने सरळ चालत सुटायचं. पाऊण तासात बंगले संपतात, झाडी संपते आणि मग जमीनच संपते. पुढे ग्रोझ नदीची दरी. "चढायचं काही नाही गं आई," असं लेक घरून निघतानाच म्हणाली होती. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांची समजूत काढतेय.

नकाशा पाहिला की उलगडा होतो. हा डोंगर म्हणजे खरं तर पठार आहे, नद्यांनी कापून काढलेलं. आपल्याकडे महाबळेश्वरला आर्थर सीटवर उभं राहिलं की असाच प्रकार दिसतो. १८१३ साली ब्लॅक्सलँड, लॉसन आणि वेंटवर्थ या तिघांनी दऱ्या टाळून धारेधारेने वाट काढली. पुढे रस्ता गेला तो धारेवरूनच, रेल्वेही तशीच. (दारुग आणि गुंडुंगुरा लोक या रानात हजारो वर्षं वावरत होते, शोध लावल्याचं श्रेय मात्र या तिघांना.) आपल्याकडे गाव पायथ्याला आणि गड वर. इथे गाव, स्टेशन, चहाचं दुकान सगळं वर, आणि खाली नुसतं रान.

इथले लोक रानाला 'बुश' म्हणतात, म्हणून अशा भटकंतीचं नाव बुशवॉक. आमची वाट गोवेट्स लीपपासून पुलपिट रॉकपर्यंत कड्याच्या काठाकाठाने जाणारी, एका बाजूने तीन-साडेतीन किलोमीटर. गाडी असेल तर पुलपिट रॉकच्या जवळपर्यंत रस्ता जातो, तिथून थोडंच उतरावं लागतं. आम्ही अर्थातच चाललो. पायऱ्या, ओढा, पुन्हा पायऱ्या. झाडांच्या साली पट्ट्यापट्ट्यांनी लोंबत होत्या. काही बुंधे अजून काळे होते, २०१९-२०च्या वणव्यातले. निलगिरी एवढी भाजूनही मरत नाही; सालीखाली दडलेले कोंब बुंध्यातूनच फुटतात.

या झाडाला आपण निलगिरी म्हणतो ते दक्षिणेतल्या निळ्या डोंगरांवरून. तिथे ते एकोणिसाव्या शतकात ऑस्ट्रेलियातूनच आलं. आणि इथल्या डोंगरांचंही नाव 'निळे'च. त्यांच्या निळाईत या झाडांच्या तेलाच्या वाफेचा वाटा आहे असं सांगतात. हवेतल्या सूक्ष्म कणांवर प्रकाश विखुरला की दूरचं सगळं निळसर दिसतं.

पुलपिट रॉक म्हणजे दरीत पुढे घुसलेला खडकाचा सुळका. कठड्याच्या पायऱ्यांनी टप्प्याटप्प्याने खाली जायचं. शेवटच्या टप्प्यावर तिन्ही बाजूंना दरी आणि समोर केशरी-पिवळे कडे. मी आधी खडकावर तळवा घासला. तळव्याला वाळू लागली! आपला बेसॉल्ट असं कधी करत नाही. तो लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. हा वालुकाश्म जवळजवळ चोवीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. मधूनमधून लोहाचे तांबूस, टणक पापुद्रे बाहेर आलेले. भोवतालची वाळू झिजली, ते तेवढे उरले.

जानेवारी १८३६मध्ये चार्ल्स डार्विन ब्लॅकहीथला मुक्काम करून गोवेट्स लीपच्या कड्यावर उभा राहिला होता. एवढी अजस्र दरी आणि तळाशी ओहोळाएवढं पाणी, हे काही त्याला पटेना. हे समुद्राचंच काम असणार, असा तर्क त्याने केला. तो चुकला. वालुकाश्माखाली मऊ, शेलसारखे थर आहेत. पाणी आधी ते खातं, वरच्या खडकाचा आधार जातो आणि उभ्या भेगांवरून तुकडेच्या तुकडे कोसळतात. म्हणून कडा कायम ताठ राहतो. डार्विन चुकल्याचं मला बरं वाटलं. माझ्या वर्गात त्याच्या बरोबरीला बसतील अशी बरीच मुलं होती.

या दरीच्या तळाशी, ग्रोझ नदी आणि गोवेट्स क्रीक मिळतात तिथे, ब्लू गम फॉरेस्ट आहे. १९३१च्या ईस्टरला तिथे तळ ठोकलेल्या बुशवॉकर मंडळींना एक भाडेपट्टेदार भेटला. झाडं तोडून अक्रोड लावायचा त्याचा बेत होता. मंडळींनी वर्गणी काढली, उसने पैसे आणले आणि १३० पौंड देऊन त्याचा हक्क सोडवला. झाडं आजही उभी आहेत. राष्ट्रीय उद्यान झालं ते त्यानंतर खूप वर्षांनी, १९५९मध्ये. जागतिक वारसा तर २०००मध्ये. सरकारच्या आधी वर्गणी पोचली, हे मला फार आवडलं.

दशमी-चटणी खाऊन निघालो आणि उलट्या डोंगराने हिसका दाखवला. सवयीने मी उतरतानाच बाटली रिकामी केली होती. आपल्याकडे गडावरून खाली आलं की पायथ्याच्या पहिल्या घरी पाणी मिळतं. इथे चढ शेवटी, ऊन डोक्यावर आणि वाटेत घर नाही. लेकीच्या बाटलीतले चार घोट पुरवत पायऱ्या चढले.

तुम्ही गेलात तर निघण्यापूर्वी वाट खुली आहे का ते बघा. कडा ढासळला किंवा वणवा लागला की ती बंद ठेवतात. आणि कितीही सोपं वाटलं तरी जाताना अर्धीच बाटली प्या.